रुमालाची चौथी गाठ

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" असं ते कधीच म्हणायचे नाहीत. माइक हातात आला की ते एसटीचे थांबे म्हणायचे. तांदूळवाडी, इटकळ, अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, दाळिंब, उमरगा. आवाज चढवायचे नाहीत, घाई करायचे नाहीत. एका नावानंतर एखादी म्हातारी गठुडं घेऊन उतरेल, एखादी लेकुरवाळी चढेल, एवढी जागा सोडायची आणि मग पुढचं नाव.

आमचं गाव जळकोटच्या पुढं, हायवे सोडून थोडं आत आहे. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो. सकाळी अर्धवट जाग यायची तेव्हा शेजारच्या गावातल्या लग्नाचा माइक सुरू झालेला असायचा. रानं मोकळी पडलेली, मध्ये आडवं काही नाही. ती नावं नांगरलेल्या काळ्या ढेकळांवरून तरंगत यायची. मला वाटायचं, रानातून एक एसटी चालली आहे, तिला चाकं नाहीत, आणि ती कुणालाच न उठवता सगळीकडे थांबत थांबत जाते आहे. त्या एसटीत कोण बसलंय ते बघायला मी डोळे उघडायची नाही. उघडले तर ती जाईल असं वाटायचं.

आमच्या भागात त्यांना सगळे डीजेवाले मामा म्हणतात. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण त्यांना न विचारता ते लिहिणं बरं वाटत नाही. म्हणून मीही मामाच म्हणते.

डीजे म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं, त्यातलं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. पांढरा बुशशर्ट, चापून बसवलेले केस आणि दोन्ही कानांत अत्तराचा फाया. फाया कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आवाज गाळून येतो, अन् वास लावून येतो." स्पीकरजवळ कुणी म्हातारं माणूस बसलेलं दिसलं की खिशातून डबी काढून त्याच्याही कानात फाया घालायचे. एका जुन्या टेम्पोवर स्पीकरचे मोजके बॉक्स, लॅपटॉप, मिक्सर आणि मागं जनरेटर, एवढा त्यांचा संसार. टेम्पो चालवायला त्यांचा मेहुणा असायचा. तो मुका नव्हता, पण त्याला बोलताना ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

तरुणपणी मामांना म्हणे स्टँडवर गाड्या पुकारणारा व्हायचं होतं. ते झालं नाही. का झालं नाही ते मी विचारलं नाही, आणि ते सांगताना त्यांचा चेहराही पडायचा नाही. "लगीन म्हंजे यष्टीच की," ते म्हणायचे. "सगळ्यांला चढू द्यायचं, म्हाताऱ्यांला खिडकी द्यायची, अन् वक्तावर सुटायचं."

लग्नाच्या आदल्या दिवशी ते गावात यायचे आणि परण्याची वाट एकटे चालून बघायचे. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून मांडवात येतो, ती मिरवणूक. आमच्याकडची लग्नं उशिरा लागतात ती बहुतेक या परण्यापायी. मामा त्या वाटेवरच्या दाराशी थांबून विचारायचे, "इथं कोण आजारी हाय का? म्हैस व्यालीय का?" दुसऱ्या दिवशी परण्या त्या दारापुढं आला की एक गाणं नेमकं संपलेलं असायचं आणि दुसरं सुरू व्हायचं असायचं. नाचणाऱ्यांना वाटायचं, दम खायला बरं झालं. आतल्या बाळंतिणीला काय वाटायचं ते तिलाच माहीत.

पण त्यांची सगळ्यात विचित्र रीत वेगळीच होती. कोणतं गाणं लावायचं हे ते कधी विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "काय नको ते सांगा." आणि एका घराला चारच 'नको' द्यायचे, कारण त्यांच्या रुमालाला कोपरे चार. एक 'नको' सांगितलं की एका कोपऱ्याला गाठ. लग्नात ती गोष्ट टळून गेली की ती गाठ सोडायची. लोक हसायचे. मामा हसायचे नाहीत, रुमाल घडी करून वरच्या खिशात ठेवायचे.

अक्काच्या लग्नात हा रुमाल आमच्या ओसरीवर आला.

इथं थोडं माझं सांगावं लागेल. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. अक्काची दहावीनंतर शाळा सुटली, मी तुळजापूरला कॉलेजात गेले. प्रवेश घेतला त्या दिवशी माझे चुलते, तात्या, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एक जरी विषय राहिला तर घरी बसायचं." आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान हलवली होती. आमच्यात अशी हललेली मान म्हणजे ठराव असतो. आणि परीक्षेचं वेळापत्रक पुढं सरकून इंग्रजीचा पेपर नेमका अक्काच्या लग्नादिवशी आला. पेपर दुपारी दोनचा, अक्षता बारानंतर. कागदावर जमत होतं. पण आमच्या भागात अक्षता वेळेवर पडल्याचं कुणी सांगितलं तर लोक त्याला पुन्हा विचारतात, "कुठलं लगीन?" आणि अक्षता पडल्याशिवाय मी निघणार नव्हते. पाठीला पाठ लावून आलेली बहीण, तिच्या डोक्यावर माझे तांदूळ नसतील हे मला सोसलं नसतं. म्हणून मी मनातून पेपर सोडून दिला होता. घरात त्याबद्दल बोलणंही सोडलं होतं.

बैठकीतच ठरलं होतं की वाजवणारे आमच्याकडचे. मामा ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि रुमाल मांडीवर पसरून म्हणाले, "हां, सांगा. काय नको?"

तात्या म्हणाले, "परण्यात भांडण नको. नवरदेवाची दोस्तमंडळी लई हाय."

पहिली गाठ.

"मारुतीपुढं अचकट गाणं नको," आप्पा म्हणाले. दुसरी गाठ.

आत्या आतून परात घेऊन येता येता थांबली. "पाठवणीला ते रडायचं गाणं नको बाबा. आपुनच रडायला काय कमी हाय का, वरून आणिक भोंग्यातनं?"

तिसरी गाठ. तात्या चौथ्यासाठी तोंड उघडत होते. नवरदेवाकडच्या कुणाचं तरी नाव पुकारताना चुकू नका, असं काहीतरी असणार. तेवढ्यात दारातून अक्का म्हणाली, "चौथं माझं."

तिच्या अंगाला हळद होती. हळदीच्या अंगाने नवरी पुरुषांच्या बैठकीत बोलत नाही. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"हिचा पेपर बुडायला नको."

"आगं, पेपर पुढच्या साली देता येतंय," तात्या म्हणाले. "बहिणीचं लगीन परत हाय का?"

"मंग मला न्हाय का एक कोपरा?" अक्का म्हणाली. 

मामांनी तात्यांकडं बघितलं नाही. "नवरीचा कोपरा नवरीलाच," असं म्हणून त्यांनी चौथी गाठ मारली, बाकीच्या तिन्हींपेक्षा जरा आवळून. मग मला विचारलं, "कुठल्या गावाला पेपर?"

"तुळजापूरला."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. फाटा, जळकोट, नळदुर्ग, तिथं गाडी बदलायची. "व्हतंय," ते डोळे न उघडता म्हणाले. "पर परण्या वक्तावर मांडवात पायजे." आणि उठताना माझ्याकडं बघून, "काय कॉलेज, जेवून बसू नको उद्या. डबा बांधून घे." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'कॉलेज' झाले.

लग्नादिवशी परण्या मारुतीपर्यंत नीट गेला. मामा टेम्पो कधी पूर्ण थांबू द्यायचे नाहीत. तो पोटातल्या पाण्यालाही कळणार नाही इतका हळू सरकत राहायचा, आणि नाचणारे नकळत त्याच्या मागं सरकत यायचे. आवाज थोडा कमी केला की माणसं ऐकायला जवळ येतात, वाढवला की आहे तिथंच थांबून उड्या मारतात, असं ते म्हणायचे. देवळापुढं त्यांनी नुसती सनई लावली आणि रुमालाची एक गाठ सोडली.

परतताना पारापाशी मात्र सगळं अडलं. नवरदेवाचे दोस्त टेम्पोच्या पुढ्यात रस्त्यावरच बसले. ऊन असं की डांबरावरची हवा पाण्यासारखी हलत होती आणि त्या हलत्या हवेत सगळे नाचणारे मला पाण्याखाली बुडाल्यासारखे दिसत होते. नवरदेव घोड्यावर पेंगत होता.

"मामा, बेस वाढवा!"

"ओ मामा, हे डीजे हाय का रेडिओ?"

नवरदेवाचे दाजी शर्टाची बटणं उघडून टेम्पोच्या बॉनेटवर हात आपटत होते. "ह्याच गाण्यावर अर्धा तास! आमच्या मेव्हण्याचं लगीन हाय!"

मी पिशवी खांद्याला लावून पाराच्या सावलीत उभी होते. जरीची साडी, आणि पिशवीत हॉल तिकीट. तात्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं आणि दुसरीकडं बघायला लागले. गाणं बंद केलं तर मारामारी होणार, हे आम्ही दुसऱ्यांच्या लग्नांत पाहिलेलं होतं. ती तात्यांची गाठ. चालू ठेवलं तर माझा पेपर जाणार. ती अक्काची. मामांनी रुमाल काढला, दोन्ही कोपरे बोटांनी चाचपले आणि खिशात ठेवला.

मग त्यांनी गाणं बंद केलं.

सगळी तोंडं एकदम टेम्पोकडं वळली. दाजींनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी माइक बोलला. "तांदूळवाडी. इटकळ. अणदूर." एक पोरगा हसला. "नळदुर्ग. जळकोट." दुसरा त्याच्यावरच कंबर हलवायला लागला. मग मामांचा आवाज बदलला. स्टँडवर नाकातून येतो तसा तो यायला लागला. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. मारुतीच्या पारावरून सुटून लग्नाच्या मांडवाला जाणारी गाडी फलाटाला लागलेली आहे. जागा थोड्या आहेत. उभं राहून जाणाऱ्यांनी तक्रार करू नये."

आणि त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. टिण् टिण्.

एसटीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटली. हे डोक्याला कळायच्या आधी पायांना कळतं. रस्त्यावर बसलेले दोस्त उठले. कुणीतरी पळायला लागलं, ते बघून बाकीचे पळाले. नऊवारीतल्या बायका पदर खोचून निघाल्या. घोडंसुद्धा निघालं. मला वाटतं, घोड्याला बेल कळली नसावी, पण मी नक्की सांगू शकत नाही. मांडवात आधी पोचलेल्यांनी खुर्च्यांवर टॉवेल टाकले, टोप्या ठेवल्या, आणि दाजी मागून उघड्या छातीनं ओरडत येत होते, "आरं, माझी जागा धर! खिडकीची धर!"

मांडवाला खिडकी नव्हती. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसण्यात भांडायचं राहून गेलं. मागून मामांचा टेम्पो रिकाम्या रस्त्यावरून सावकाश येत होता. मामा टपाला पाठ लावून बसले होते आणि एक गाठ सोडत होते.

अक्षतांच्या वेळचं मला नीट सांगता येईल का माहीत नाही. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी मामांनी जनरेटर बंद केला. माइकही गेला. भटजी चमकले, मामांनी लांबूनच हात जोडले. त्यांची ही रीत सगळ्या लग्नांत सारखीच. माझी मैत्रीण सांगते, तिच्या बौद्ध वस्तीतल्या लग्नात त्रिशरण-पंचशीलाच्या वेळी मामांनी असंच केलं होतं, आणि तिला आपल्या आजोबांचा म्हणतानाचा आवाज वेगळा ओळखू आला होता. आमच्या मांडवात आधी कुजबुज झाली, मग ऐकू येईना म्हणून लोकच गप्प झाले. कापडात वारा भरत होता आणि सुटत होता. लांब कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. भटजींचा नुसता आवाज, म्हाताऱ्या माणसाचा, थोडा चिरका. शेवटचं सावधान झालं आणि तांदूळ पडले. तांदूळ शालूवर, पागोट्यावर, पाटावर पडतात त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इतकी लग्नं पाहिली, पण तो आवाज असतो हेच माहीत नव्हतं.

अंतरपाट खाली आल्यावर अक्काने हार घातला. मग तिने नवऱ्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं आणि भुवयांनी सांगितलं, जा.

मी निघाले तेव्हा जनरेटर पुन्हा सुरू झाला होता आणि मामा एक बॉक्स खरडत खरडत वळवत होते. त्याचं तोंड मांडवाकडं होतं, ते त्यांनी रानाकडं केलं.

"मामा, तिकडं कुणी न्हाय, रान हाय," दाजी खुर्चीवरून म्हणाले.

"हाय की," मामा म्हणाले. "एक प्रवासी हाय तिकडं."

फाट्यावर सावली नव्हती. मी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिले. आणि रानावरून लग्न ऐकू यायला लागलं. भांड्यांचा आवाज, पंगतीला वाढणाऱ्यांची हाकाहाकी, आत्याचं कुणाला तरी रागावणं, सगळं त्या माइकमधून निसटून ढेकळांवरून माझ्याकडे येत होतं. मग अक्काला नाव घ्यायला लावलं. तिच्या उखाण्याची पहिली ओळ मला स्पष्ट ऐकू आली. दुसरी वाऱ्यानं नेली. नवऱ्याचं नाव जिथं यायचं तिथं नुसता वारा, आणि मग लोकांचं हसणं. मला वाटलं मी लहानपणीच्या अंगणात झोपले आहे आणि डोळे उघडायचे नाहीत. पण तेवढ्यात खरी एसटी आली.

पेपर मिळाला. धापा टाकत पोचले, साडीवर तांदूळ होते, पर्यवेक्षक बाई हसल्या. लिहिताना मधूनच एखादा दाणा बाकावर पडत होता.

संध्याकाळी परतले तेव्हा पाठवणी होऊन गेली होती. रडायचं गाणं वाजलं नव्हतं, तरी आत्याचे डोळे सुजले होते. आप्पा मांडवाचं कापड घडी घालत होते. मी दुसरं टोक धरलं.  मग ते म्हणाले, "अक्का जाताना तुलाच इचारत हुती. पेपर मिळाला का म्हणून." आणि थोड्या वेळानं, "डीजेवालेबी थांबले हुते जरा. त्यांला दुसऱ्या गावाला जायचं हुतं. एक गाठ राहिली म्हणाले. पेपर बुडाला न्हाय हे कळल्याबिगर सोडता येत न्हाय."

निकाल लागला, मी सगळ्या विषयांत पास झाले. तात्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षाला कधी नाव घालायचं एवढंच विचारलं. अक्काने फोनवर मला तीन वेळा सांगायला लावलं. मामांना सांगायचं मात्र राहिलं. त्यांचा नंबर आप्पांकडे होता. मी दोनदा फोन हातात घेतला. पण काय म्हणणार? "मी कॉलेज बोलते" असं? लाज वाटली, ठेवून दिला. एवढ्या लग्नांत त्यांना आपली गाठ कुठली आठवायला, असंही वाटलं.

यंदा माझं शेवटचं वर्ष आहे. मागच्या महिन्यात तुळजापुरात कॉलेजहून खोलीवर चालले होते. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या गल्लीत माइक सुरू झाला. तांदूळवाडी. इटकळ. अणदूर. मी चालत राहिले, हसू आलं. नळदुर्ग. जळकोट. कॉलेज फाटा. येणेगूर.

मी थांबले. आमच्या रस्त्यावर कॉलेज फाटा नावाचा थांबा नाही.

आत गेले तर मामा खुर्च्यांच्या मोकळ्या ओळींपुढं उभे होते. केस बरेच पांढरे झालेले, कानात फाया तसाच. नवरीकडच्या बायका कडेला बसून फुलं निवडत होत्या. मामांनी मला बघितलं आणि माइक खाली घेतला.

"निकाल लागला का?"

जणू पेपर कालच झाला होता.

"लागला, मामा. पास. आता शेवटचं वर्ष."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. तीन कोपऱ्यांना ताज्या गाठी होत्या, या लग्नाच्या. चौथ्या कोपऱ्याची गाठ जुनी, धुऊन धुऊन करडी पडलेली, खड्यासारखी घट्ट.

"तवापासनं तीनच 'नको' घेतो," ते म्हणाले. "लोकं भांडत्यात माझ्याशी. म्हणत्यात, तुमी तर चार घेताव. म्हणलं, एक कोपरा गुतलाय माझा, प्रवासी उतरल्याबिगर मोकळा व्हत न्हाय." त्यांनी नख लावून बघितलं. "मला न्हाय जमायची आता. तूच सोड."

मी पिशवी खाली ठेवली आणि रुमाल घेतला. वेळ लागला. आधी एक धागा हलला, मग थोडी फट पडली, मग नख आत गेलं. रुमालाला अत्तराचा वास होता. गाठ सुटली तरी कोपरा सरळ होईना, चुरगळूनच राहिला. मी तळहातानं दाबून बघितलं आणि तसाच त्यांच्या हातात दिला.  

मामांनी तो कोपरा बोटांत धरून उजेडाकडं केला, बघितला आणि मान हलवली. मग फुलं निवडणाऱ्या बायकांकडं वळून म्हणाले, "माय, आत नवरीला इचारून या. आणिक एक कोपरा मोकळा हाय म्हणावं."